कडं न काढता

४ फेब्रुवारी, सोमवार

गाडी पुन्हा रिकामी! सकाळपासून पुलापलीकडच्या वस्तीत एक्स-रेची गाडी लावून बसले. पुरुष आले, म्हातारे आले, पोरं यंत्र बघायला आली. बाया? एक नाही. लांब उभ्या राहून बघतायत, तोंडावर कापड धरून. आणि त्या कापडाआड खोकतायत — मला ऐकू येतंय ना!

डॉक्टर म्हणाले, "वस्तीत क्षय शहराच्या कितीतरी पट. त्यातही बायाच जास्त जातात, कारण आपल्यापर्यंत येतात तेव्हा सगळं हाताबाहेर गेलेलं असतं." मग चष्मा पुसत, "पुढचा सोमवार शेवटचा. नंतर गाडी दुसरीकडे हलवतायत. त्या लोकांना नकोच आहे म्हणे."

नकोच आहे! विचारलं कोणी?

५ फेब्रुवारी

मी विचारलं. सरळ थोरलीच्या घरी गेले. सगळी वस्ती तिला थोरलीच म्हणते, आणि तिच्या शब्दाबाहेर कुणी बाई जात नाही. आमची भाषा ती तोडकीमोडकी बोलते, पण टोमणे मात्र अस्सल!

कारण एकच — गळ्यातलं कडं. लग्नात लोहार ते गळ्याभोवती कायमचं जोडतो. नवरा गेला की तोच येऊन तोडतो. मध्ये काढायचं म्हणजे जित्या माणसाला मेला म्हणायचं. आणि आम्ही गाडीच्या दारावर काय लिहिलंय? 'सर्व दागिने काढून आत यावे.' शाबास आमची!

थोरली म्हणाली, "एकीला मोठ्या दवाखान्यात नेली. बेशुद्ध होती. त्यांनी कडं कापलं. जीव वाचला, खोटं कशाला बोलू? घरी आली तर नवरा दारात धडधाकट उभा, आणि सासू त्याच्या नावाने गळा काढून रडतेय! ती पोर अजून उंबऱ्याबाहेर येत नाही."

मी म्हटलं, "आजी, कडं फोटोत आडवं येतं. बरोबर छातीच्या वरच्या टोकावर. हा रोग बहुतेक तिथेच दडून बसतो."

"मग तुझ्या यंत्राला सांग, वळसा घालून बघ!"

आतून खोकल्याची उबळ आली. नातसून, मांडीवर तान्हं मूल. थोरलीने तिकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही.

६ फेब्रुवारी

वळसा घालून बघ. दिवसभर डोक्यात तेच!

७ फेब्रुवारी

सापडलं!! निदान वाटतंय तरी सापडलंसं.

भांडी घासताना आठवलं. शिकत होते तेव्हा मास्तर सांगायचे — गळ्याखालच्या हाडाआड काही लपलंय अशी शंका आली, तर माणसाला मागे रेलून उभं करा आणि यंत्र खालून वर रोखा. हाडाची सावली वर सरकते, फुप्फुसाचं टोक मोकळं होतं. हाड सरकतं, मग कडं का नाही सरकणार?

तशीच ओल्या हाताने बरणी घेतली. तिच्या गळ्यात माझी बांगडी अडकवली, बरणी जरा मागे कलती केली आणि ह्यांच्या हातात टॉर्च दिला. "खाली धरा. अजून खाली. वर रोखा!" भिंतीवर बांगडीची सावली चढत गेली, चढत गेली — बरणीचे खांदे मोकळे! मी ओरडलेच. हे म्हणाले, "सिनेमा छान आहे, पण जेवायला कधी?"

माझी तहानभूक पळालीय, आणि ह्यांना पोळ्या दिसतायत!

८ फेब्रुवारी, शुक्रवार

डॉक्टरांना सांगितलं. आधी हसले. "अहो ताई, बांगडी आणि बरणी?" मग कागदावर रेघा मारून बघितल्या. पुन्हा मारल्या. मग म्हणाले, "जाड कडं पुरतं सरकणार नाही. बोटभर तरी आड राहील. आणि तेवढ्यातच डाग असला तर आपण तिला 'तू बरी आहेस' असं सांगून घरी पाठवू. ते पाप नको."

बरोबर आहे त्यांचं. राग आला, तरी बरोबर आहे.

९ फेब्रुवारी

पुन्हा थोरलीकडे. काही लपवलं नाही. खालून वर कसं रोखायचं ते हाताने करून दाखवलं आणि म्हटलं, "एवढं बोटभर अडतंय, आजी. कडं काढायचं नाही. पण थोडं वर जाऊ शकेल का? तेवढं चालतं का तुमच्यात?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "वर जायला कोण नाही म्हणतंय? उन्हाळ्यात तापलं की आम्ही काय करतो मग?" डोक्यावर ओझं घेताना ठेवतात ती कापडाची चुंबळ ओढली, उलगडून गळ्याभोवती कड्याखाली कोंबली आणि हनुवटी वर केली. कडं थेट जबड्याला टेकलं! मान उंच सारसासारखी. "हं. आता काढ तुझा फोटो."

मला तिला मिठीच मारावीशी वाटली. मारलीही! ती म्हणाली, "हाडं मोडशील. मग त्यांचाही फोटो काढावा लागेल."

जाताना दारापर्यंत आली. हळूच विचारलं, "आमची नातसून... लवकर कळलं तर बरं होतं ना?" होतं, म्हटलं. गोळ्या नेमाने घेतल्या तर होतं.

१० फेब्रुवारी

दारावरची पाटी खरवडून काढली. नवी रंगवली, थोरलीने सांगितली तशी, त्यांच्या भाषेत: 'कड्यासकट या.'

११ फेब्रुवारी, सोमवार

कुठून सुरू करू!

सकाळी गाडी लावली तर समोर रांग! बायांची! हातात चुंबळी. पण पुढे कुणी येईना. थोरली म्हणाली, "आधी तू उभी राहा. बघू काय होतं तुला." डॉक्टर नको म्हणतील असं वाटलं, पण म्हणाले, "राहा, एका फोटोने काही होत नाही. बटण मी दाबतो." राहिले. मागे रेलले, हनुवटी वर, श्वास घेतला, रोखला. "सोडा!" मी बाहेर येऊन दोन्ही हात वर करून दाखवले — बघा, आहे तशीच आहे! हशा पिकला. मग थोरली स्वतः चढली, राणीसारखी. मग नातसून. मग बाकी सगळ्या.

डॉक्टरांनी थोरलीचा फोटो पडद्यावर लावला. कडं पार वर, दुसऱ्याच कुणाचं असावं तसं. फुप्फुसाची टोकं स्वच्छ! डॉक्टर टाळी वाजवून ओरडले, "ताई! ताई, हे बघा!" इतकी वर्षं काम करतोय एकत्र, ह्या माणसाला ओरडताना पहिल्यांदा ऐकलं.

आणि ती — कडं कापलेली ती — तीही आली. सासूने हाताला धरून आणली. तिच्या मोकळ्या गळ्याकडे बघून कुणी काही बोललं नाही. थोरलीने तिला रांगेत सगळ्यांच्या पुढे उभी केली.

१२ फेब्रुवारी

नातसुनेच्या फोटोत डाग आहे. थुंकीतही जंतू सापडले. गोळ्या आजच सुरू. बाळाची तपासणी उद्या. वाईट बातमी, तरी मी हसतेय — कारण डाग लहान आहे! वेळेत आहे! थोरलीने गोळ्यांचं पाकीट स्वतःच्या कनवटीला लावलं. "रोज माझ्यासमोर गिळायची. जिभेखाली बघणार मी."

आणि गाडी इथेच राहणार! वरून फोन आला. बाकीचे फोटो डॉक्टर सावकाश बघतायत.

१४ फेब्रुवारी

डॉक्टरांनी बोलावलं. एक फोटो पडद्यावर होता. "हिच्या गळ्यात कडं दिसत नाही. ती कापलेली ना? उजवीकडे वर बघा, डाग आहे. लगेच बोलवा तिला."

कोपऱ्यातला नंबर मी वाचला. पहिला होता.

"ती नाही, डॉक्टर. मी आहे."

संध्याकाळी थोरलीला सांगितलं. तिने माझा हात धरला. मग म्हणाली, "उद्यापासून सकाळी इकडे यायचं. गोळी माझ्यासमोर. जीभ दाखवायची."