भरारीचे मैदान कुलदीपला मिळणार नाही

मी, पार्वताबाई दिनकर खोटरे, वय अडुसष्ट वर्षे, सेवानिवृत्त क्रीडाशिक्षिका, राहणार तेल्हारा, जिल्हा अकोला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा पुतण्या कुलदीप माझ्यामागे म्हातारी भ्रमिष्ट होती असे सांगत फिरेल हे मला आजच दिसते. मला राग आहे, तो मी लपवत नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही; तसा कागद कोणी पुढे आणला तर तो खोटा समजावा.

१. माझे पती हयात नाहीत. मूलबाळ नाही. खाली लिहिलेली सर्व मिळकत माझ्या नोकरीच्या पगारातून घेतलेली, म्हणजे स्वकष्टार्जित आहे. तीत खोटरे घराण्यातील कोणाचाही हिस्सा नाही.

२. राहते घर, घरातील सामान व बँकेतील शिल्लक माझी भाची पौर्णिमा हिला द्यावी. माझ्या दुखण्यात ती आली, राहिली, आणि एकदाही घड्याळाकडे पाहिले नाही.

३. अकोट रस्त्यावरील माझ्या मालकीच्या जागेवर भरारी क्रीडा मंडळाचा मुलींचा कबड्डी संघ सराव करतो. या जागेबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

हा संघ मी शाळेतल्या मुली घेऊन उभा केला. मुली मातीत लोळणार म्हणून त्यांच्या बापांनी माझ्या दारात येऊन तमाशा केला होता. आयशाबी आमची पहिली कर्णधार. डाव्या कोपऱ्यात तिने घोटा धरला की समोरची चढाईवाली मधल्या रेषेकडे नुसती बघत राही. पुढे कितीतरी वर्षे अमरावती-अकोल्यात कुठेही स्पर्धा असो, गटात तेल्हारा आले की समोरचा संघ परतीच्या एस.टी.ची वेळ विचारून ठेवी.

यंदा परतवाड्याच्या नवख्या मुलींनी भरारीला पहिल्याच फेरीत घरी पाठवले. संघ उतरणीला लागला, की एखादा हंगाम वाईट गेला, यावर स्टँडवरच्या हॉटेलात अजून वाद चालतो. मी तो सामना तोंडाला दुपट्टा बांधून, शेवटच्या पायरीवर बसून पाहिला. साखळी धरलेल्या आमच्या दोघींना एकमेकींची नावे माहीत नव्हती. एक दुसरीला "ओ सात नंबर" म्हणून हाक मारत होती. सामन्यापुरत्या बाहेरून आणलेल्या मुली, त्यांचा काय दोष? माझे मत मी येथे नोंदवते: संघ संपत आला आहे, आणि तो कुलदीपने संपवला आहे.

कसा, तेही लिहिते. तीन वर्षांपूर्वी अचलपूरला उपांत्य सामन्यात दामिनीचा गुडघा सुजला होता. तिच्यासारखी चढाई करणारी मुलगी मी दुसरी पाहिली नाही. प्रशिक्षक म्हणून मी तिला बाहेर बसवले. कुलदीप मंडळाचा सचिव. मंचावर मोठे पाहुणे आलेले, त्यांना दामिनीचा खेळ दाखवायचा होता. मी पंचांशी बोलायला गेले तेवढ्यात तो तिला म्हणाला, "उतर. नाही उतरली तं पुढच्या साली संघात तुयं नाव नाही." ती उतरली. लगेच गुडघा निखळला आणि तिचे खेळणे कायमचे संपले.

त्यानंतरच्या वार्षिक सभेत कुलदीपने सांगितले की दामिनीला मीच उतरवले. आयशाबी तेव्हा संघाची व्यवस्थापक होती. अचलपूरला ती शेजारीच उभी होती, तिने सारे ऐकले होते. सभेत ती खाली मान घालून बसली. मग टाळ्यांच्या कडकडाटात, शाल आणि नारळ देऊन, मला काढून टाकले.

४. ती शाल मी कुलदीपला देते. घडी मोडलेली नाही. याव्यतिरिक्त त्याला काहीही देत नाही, आणि हे नजरचुकीने राहिलेले नाही.

मागच्या महिन्यात तो घरी आला होता. चहा घेतला. मैदान मंडळाच्या नावे करून द्या, संघ पुन्हा उभा राहील, असे म्हणाला.

"संघ मैदानापायी बुडला काय रे?" मी विचारले.

"काकू, झालं गेलं सोडा ना आता."

"सोडलं असतं. तू एकदाबी दामिनीच्या घरी गेला नाही."

तो कप ठेवून उठून गेला.

५. सदर जागा मी कु. दामिनी जानराव भोपळे हिला पूर्ण मालकी हक्काने देते. ती हल्ली अकोल्यात लंगडत्या पायाने मुलींना कबड्डी शिकवते. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "मले जागा नको, बाई. त्यानं एकदा सगळ्यायसमोर खरं बोललं पायजे." जागा घ्यावी म्हणून मला तिच्याशी भांडावे लागले.

कुलदीपने त्या मैदानावर, सर्व मुलींसमोर, अचलपूरला काय झाले ते सांगितले, तर दामिनीने भरारीला तेथे सराव करू द्यावा अशी माझी इच्छा आहे. तोवर मंडळाचा फलक उतरवून त्याच्या दारात नेऊन ठेवावा. भरारीची कोणतीही मुलगी दामिनीकडे खेळायला आली तर तिला मात्र अडवू नये.

६. मला अग्नी दामिनीने द्यावा. कुलदीपने यायचे असल्यास गर्दीत उभे राहावे. पुढे येऊन रडू नये, भाषण करू नये.

७. मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून ॲड. ललित यांना नेमते. साक्षीदार म्हणून आयशाबीला मी मुद्दाम बोलावले. ती येईल असे वाटले नव्हते. आली, आणि उंबऱ्याशीच उभी राहून म्हणाली, "बाई, आता तरी बोलू द्या मले." तिला मी पूर्ण माफ केलेले नाही, पण तिच्या शब्दावर माझा विश्वास आहे.

कुलदीपने हे मृत्युपत्र खोटे ठरवायचे म्हटले, तर ॲड. ललित यांनी साक्षीसाठी आयशाबीलाच बोलवावे. बाईंनी असे का लिहिले, हे वकील तिला विचारतील. ती शपथेवर सांगेल, भरल्या कोर्टात, त्याच्या तोंडावर.

म्हणून कुलदीपने कोर्टात जरूर जावे.

ठिकाण: तेल्हारा
दिनांक: १४ मार्च २०२५

(सही) पार्वताबाई दिनकर खोटरे

आम्हां दोघांसमक्ष बाईंनी वाचून सही केली व त्यांच्यासमक्ष आम्ही सह्या केल्या:

(सही) आयशाबी शेख रऊफ, तेल्हारा
(सही) डॉ. अश्विन बोडखे, तेल्हारा