शिडाखालचा दगड

हार्वे व्हेल, कॅरियाकू
९ जानेवारी १९८८

चि. वेरीना हिस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

आज शनिवार. सकाळच्या बोटीने टपाल आले, त्यात तुझे पत्र होते. दुपारी शेळ्यांना पाणी दाखवले. वारा फार आहे.

तुझ्या आईचा दगड अजून अंगणातच आहे. नाव नीट कोरले गेले, आणि आता माझ्या जुन्या गलबताच्या शिडाखाली तो झाकून ठेवला आहे. आधी तू ईस्टरला येणार होतीस, मग ऑगस्टला, मग नाताळला. आता म्हणतेस, मेमध्ये नक्की. कबरीवर दगड बसून गावजेवण झाल्याखेरीज गेलेले माणूस मार्गी लागत नाही, हे इंग्लंडात राहून विसरलीस की काय, कळत नाही. येणारे-जाणारे शिडाकडे बघतात आणि माझ्याकडे हवापाण्याची चौकशी करतात.

अर्सुला आत्याचा ताप वेगळाच. तुझी आई तिच्या स्वप्नात येते म्हणे, मक्याचा कूकू आणि ओल्या तुरी मागते, आणि बोकड कापायला एवढा उशीर का, असे विचारते. अर्सुला हे मला रोज कुंपणावरून ऐकवते. स्वप्नातच यायचे होते, तर तुझ्या आईला, मर्सेलीनला, माझे घर माहीत नव्हते असे नाही.

तुझ्याबरोबर येणाऱ्या मंडळींसाठी आपल्या देशाच्या इतिहासाची आणि रीतिभातींची एका पानात ओळख मागितलीस, ती सोबत आहे. कॅरिब लोक, फ्रेंच, इंग्रज, कापूस, गुलाम, १८३४ची सुटका, १९७४चे स्वातंत्र्य, सगळे क्रमाने घेतले आहे. क्रांती आणि अमेरिकन सैनिक एका ओळीत उरकले.

लोभ आहे. तारीख कळवलीस तर वाढेलही.

तुझा,
पपा


हडर्सफील्ड
२ फेब्रुवारी १९८८

ती. पपांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पान मिळालं. कस्टमच्या कचेरीतून निवृत्त झालात, पण पावत्या फाडणं काही सुटलं नाही. आयवरने वाचून मला विचारलं, की या बेटावर माणसं राहतात की नुसते सन राहतात. तुमचा जावई सहसा विनोद करत नाही, म्हणून कळवते.

ममाचं त्यात नावसुद्धा नाही. ज्या बाईच्या दगडासाठी आम्ही एवढा समुद्र ओलांडणार, तिच्यावर एक ओळ लिहायला तुमची शाई संपत होती का? म्हणून मीच चार ओळी घातल्या. ती गलबतांची शिडं शिवायची, तिला ओरडून बोललेलं खपायचं नाही, आणि ती क्रोमांती कुळातली होती. इथल्या आपल्या बेटवाल्यांच्या क्लबात सगळे म्हणतात, की कॅरियाकूची माणसं मुळात क्रोमांतीच, म्हणून तर गावजेवणाचा ढोल त्यांच्यापासून सुरू होतो. कागद छापायला दिलाय. ममाच्या भावाची, थॅडी मामाची, नातवंडं येताहेत, तिघंही इथेच जन्मलेली. त्यांना कशाचीच कल्पना नाही. हातात कागद असला म्हणजे बरं.

रजेसाठी इस्पितळात किती हात जोडावे लागतात ते तुम्हाला सांगून उपयोग नाही. पण परवा ममा इथे आली. स्वप्नात माझ्या स्वयंपाकघरात बसली होती, पिवळं फडकं डोक्याला, अंगात कोट नाही, बाहेर बर्फ. दगडाला थंडी वाजते म्हणाली. दुसऱ्याच दिवशी तिकिटं काढली. मेचा दुसरा आठवडा.

माया असू द्या. चिडायचं असेल तर मी येईपर्यंत राखून ठेवा.

तुमची,
वेरीना


हार्वे व्हेल
२४ फेब्रुवारी १९८८

चि. वेरीना हिस,
आशीर्वाद, वि. वि.

तिकिटांचे वाचून बरे वाटले. बाकीचे वाचून नाही.

क्रोमांती काढून टाक. तुझी आई टेम्ने होती. कूळ बापाकडून येते. तिचा बाप टेम्ने, म्हणून ती टेम्ने. मी आणि अर्सुला इग्बो, म्हणून तूही इग्बो. हे तुला कोणी सांगितले नाही असे म्हणशील. घरात ढोल वाजत होता तेव्हा तू कुठे होतीस, असे मी म्हणेन.

मी पाठवलेले पान कुठल्याही पुस्तकात सापडेल. हे सापडणार नाही. आफ्रिकेतून जहाजांत भरून आणलेल्या माणसांना मालकांनी आपापली नावे दिली. तिकडचे तेवढे एक कूळ लोकांनी तोंडात धरून ठेवले. ढोल सुरुवातीला क्रोमांतीला हाक मारतो, मग एकेका कुळाला. ज्या कुळाची हाक, त्याचे माणूस आधी रिंगणात उतरते, मग बाकीचे. तुझ्या आईचे भाऊ गेले. तिच्या बाजूचे टेम्ने आता कोण उरले, तर थॅडीच्या मुलाची ही तीन मुले. नेमका त्यांच्याच हातात तू चुकीचा कागद देणार. टेम्नेची हाक झाली आणि कोणी उतरले नाही, तर तुझी आई रिंगणाबाहेर उभी राहील, बोकड कितीही कापा.

स्वप्नाचे समजले. कोट न घालता हडर्सफील्डपर्यंत जाते आणि अर्सुलाकडून कुंपण ओलांडून इकडे येत नाही. असो.

कागद दुरुस्त कर. लोभाचे नंतर बघू.

पपा


हडर्सफील्ड
१२ जून १९८८

ती. पपांस,
सा. न. वि. वि.

सगळे सुखरूप पोचलो. तुम्ही बांधून दिलेली रम कस्टमने काढून घेतली. तुमच्याच जातीचा माणूस होता, बघताक्षणी कळलं.

जे तिथे बोलता आलं नाही ते लिहिते. तुमचं पत्र आलं तेव्हा कागद छापून झाले होते. पेनाने खोडीन म्हणाले आणि राहिलं. खरं सांगायचं तर एवढं काय त्यात, असंच वाटलं होतं.

गावजेवणाला क्रोमांतीचा ढोल लागला तेव्हा ती तिघं खिशात कागद घेऊन उतरली, सगळं अंगण हसलं, मीही हसले. मग टेम्नेची हाक आली. ती तिघं ताटं घेऊन जेवत उभी. रिंगण मोकळं. सोनेलबुवांनी ढोलावर पुन्हा हाक वाजवली, मग पुन्हा. मी त्यांना ढकलायला गेले तर थोरली म्हणाली, आमचा नाच झाला ना. मीच उतरायला निघाले, तर अर्सुला आत्याने दंड धरला, तू इग्बो आहेस, मागे थांब म्हणाली. तेव्हा पहिल्यांदा मला ममा कुठे उभी आहे ते दिसल्यासारखं झालं.

आणि तुम्ही उतरलात. टोपीसकट. आत्या म्हणते, स्वतःच्या लग्नातसुद्धा तुम्ही खुर्ची सोडली नव्हती. इग्बोने टेम्नेचं रिंगण उघडायचं नसतं, हे सगळ्या अंगणाला माहीत होतं. तरी सोनेलबुवांनी ढोल थांबवला नाही. मग पोरांच्या हातातली ताटं मी काढून घेतली आणि त्यांना आत लोटलं.

नंतर मुक्कामभर तुम्ही त्यावर चकार शब्द काढला नाहीत. धक्क्यावरही विचारलंत काय, तर वाटेत खायला घेतलंस का. उरलेल्या सगळ्या कागदांवर मी टेम्ने लिहून काढलंय. कोणाला वाटू, ते ठाऊक नाही.

रागावला आहात का, तेवढं कळवा. लोभाचं बघणार होतात.

तुमची,
वेरीना


हार्वे व्हेल
१ जुलै १९८८

चि. वेरीना हिस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

राग नाही. रमचा आहे.

उतरायला नको होते. रीत मोडली, आणि अर्सुला ते रोज कुंपणावरून सांगते. पण सोनेल म्हातारा आहे, त्याला किती वेळा हाक वाजवायला लावणार? कोणीतरी उतरणे भाग होते.

कागद थॅडीच्या नातवंडांनाच दे. पुन्हा यायचे झाले तर उपयोगी पडतील. मी गेल्यावर इग्बोची हाक होईल तेव्हा तू ताट खाली ठेव, एवढेच.

दगड सरळ बसला आहे. काल जाऊन आलो. अर्सुलाच्या स्वप्नात येणे तुझ्या आईने बंद केले, म्हणजे पोचली, असे अर्सुला म्हणते. माझ्याकडे आली नाही. आता येईल असे वाटत नाही. तक्रार नाही.

शीड धुऊन वाळत घातले होते. तुम्ही गेल्यापासून कुंपणावरच आहे. घडी घालायला दोन माणसे लागतात, आणि दुसरे टोक नेहमी ती धरत असे. अर्सुलाला सांगितले तर वर बोलणी ऐकावी लागतील.

लोभ पूर्वी होता तेवढाच आहे. तू मोजत बसू नकोस.

तुझा,
पपा

ता. क. पाकीट बंद करण्याआधी घडी घातली. एका टोकावर धोंडा ठेवला आणि दुसरे टोक घेऊन त्याच्याकडे चालत गेलो.