आई काही मागत नाही

१२ फेब्रुवारी
आई पुन्हा नाही म्हणाली! तिला जाऊन तीन वर्षं झाली, नाही म्हणायची सवय काही गेली नाही. येते तीही एडलिन मावशीच्याच स्वप्नात. माझ्या कधीच नाही. सकाळी कोकोचा कप दोन्ही हातांत धरून मावशी म्हणाली, "तुझी आई आली होती. दारातच उभी. म्हणते, दगड बसल्याशिवाय व्हर्लीनने बेट सोडायचं नाही."

थडग्यावरचा दगड. तो ग्रेनाडाहून बोटीने यायचाय. दोन वर्षं येतोच आहे! आणि मला दहा एप्रिलच्या आत टोरांटोला पोचायचंय, नाहीतर भावाने, क्लीव्हनने, मिळवून दिलेली वृद्धाश्रमातली नोकरी दुसरीला जाईल. चव्वेचाळीस वर्षांच्या बाईला पुन्हा कोण बोलावणार?

१५ फेब्रुवारी
दिवसभर तुरीच्या शेंगा सोलल्या. नखं हिरवी. दुसरं काही नाही.

२० फेब्रुवारी
क्लीव्हनने कागद पाठवलेत. एकावर लिहायचंय — आपल्या देशाची आणि तिथल्या लोकांची ओळख, दहा ओळींत. लिहिलं: तीन बेटं मिळून एक देश. ग्रेनाडा मोठं, मधलं कॅरियाकू आमचं, तिसरं अगदीच चिमुकलं. आम्ही होड्या बांधतो, मका-तूर पेरतो, पावसाचं पाणी टाकीत साठवून पितो. घरटी एक तरी माणूस परदेशात.

पुढे? आमच्याकडे मेलेली माणसंही घरात मत देतात आणि ते मोडायची कुणाची छाती नाही — हे कागद वाचणाऱ्या तिथल्या बाईला कसं सांगू? लिहिलं. खोडलं.

३ मार्च
पेरणीपर्यंत गावाने बकऱ्या मोकळ्या सोडल्यात. दावणीला तेवढी मीच. शेजारचा कॉन्रॉय होडीला रंग देता देता ओरडला, "व्हर्लीन, अजून इथेच? मला वाटलं, एव्हाना बर्फात गोठली असशील!" मीही हसले. आत येऊन रडले.

१४ मार्च
दगड आला!!

२२ मार्च
काल दगड बसला. गावजेवण झालं, ढोल वाजले, कॉन्रॉयने थडग्यावर रम शिंपडली आणि उरलेली स्वतःवर. आईचं ताट आतल्या खोलीत झाकून ठेवलं. तिथे कुणी पाऊल टाकलं नाही. मी मनात बॅग भरत होते.

आज सकाळी मावशी — "दगड आवडला तिला. पण म्हणते, पोरीने एक वर्ष तरी थांबावं."

एक वर्ष. मी भांडी घासत राहिले.

२६ मार्च
खोटं बोलले. मावशीला म्हटलं, "आई माझ्या स्वप्नात आली होती. जा म्हणाली."

"अस्सं? मागितलं काय तिने?"

"काही नाही."

"कोंबडा? भात? घोटभर रम?"

"काहीच नाही. फक्त जा म्हणाली."

मावशीने माझ्याकडे टक लावून पाहिलं. "मेलेलं माणूस एवढ्या लांबून काही न मागता येतं होय गं? नुसतं तुझ्या भल्याचं बोलून गेली? ती माझी बहीण नव्हे, पोरी. जिवंतपणी तरी असं कधी केलं का तिने?"

इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं हे. मी इथेच जन्मले, इथेच पिकले, आणि खोटंसुद्धा परक्यासारखं बोलले. लाज वाटली. राग त्याहून जास्त.

३० मार्च
चार दिवस अबोला. मावशीला खोकला झालाय. छातीला तेल चोळलं. तिच्या बरगड्या मोजता येतात. 'तू गेलीस की हे कोण करणार?' — असं ती म्हणाली नाही. मीच ऐकलं. 'येत नाही' असं क्लीव्हनला कळवणारं पत्र लिहून ठेवलंय. अजून टाकलं नाही.

३ एप्रिल
मावशी आज काठी टेकत एकटीच दुकानात गेली. मी मागून पोचले, तर पावाच्या रांगेत सगळ्यांसमोर मोठ्याने सांगत होती — बहीण आली होती रात्री. पांढरा कोंबडा मागितला, मक्याची उकड मागितली, वर रम. "आणि म्हणाली, व्हर्लीनला जाऊ दे." चारचौघांत सांगितलेला निरोप आता कुणालाच मोडता येणार नाही. तिला स्वतःलासुद्धा.

काल रात्रभर मी तिच्या उशाशी बसून होते. खोकल्याने तिचा डोळा क्षणभरही लागला नव्हता.