चाल गोड आहे

वाटूर, ४ फेब्रुवारी १९९४

दीनानाथ सर,

बदली होऊन निघालात त्या दिवशी फाट्यावर तुम्ही विचारलंत, "मी दिलेल्या कॅसेटमधलं गाणं ऐकलंत?" मी म्हणाले, "चाल गोड आहे." मराठीच्या बाईंना इंग्रजी शब्द कळले नाहीत, हे इंग्रजीच्या सरांना सांगायची लाज वाटली. तुम्ही नुसती मान हलवलीत आणि बसमध्ये चढलात.

आता रोज शाळेतून आल्यावर शब्दकोश घेऊन बसते. गिटारवर ती बाई किती साधं गाते! तू माझा होशील की नाही, ठाऊक नाही. तरी रविवार तुझ्यासाठी मोकळा ठेवलाय, म्हणते. शेवटच्या कडव्याआधी जराशी हसते, भीती लपवल्यासारखी. तिथे मला तुम्ही फाट्यावर उभे दिसता.

शेजारच्या गोजरबाई परवा म्हणाल्या, "काय तेच तेच लावून राह्यल्या, बाई? समजतं तरी का?"

"आता समजतं."

"मंग रडता कशाला?"

सर, माझं उत्तर हो आहे. पण तुम्ही खरंच फक्त गाण्याबद्दल विचारलं असेल, तर? त्रेचाळिसाव्या वर्षी असं हसं करून घ्यायचं?

काल असंच एक पत्र घेऊन टपालपेटीपर्यंत गेले होते. ते पेटीत न टाकताच मेथीची जुडी घेऊन परत आले.

जिला उशिरा कळलं ती,
अरुंधती