पटवून दिल्याबद्दल

१४ मार्च, गुरुवार, दुपार

प्रिय वकील,

नमस्कार. तू बरा असशील, वहिनींचा गुडघाही आता ठीक असेल. मी मजेत आहे. स्वयंपाकघरातला नळ अजून गळतोच आहे. प्लंबर येतो, नळाकडे बघून डॉक्टरसारखी मान हलवतो आणि "साहेब, नवाच घाला" म्हणून निघून जातो.

सल्लागार मंडळावर तुझं नाव आल्याचं पेपरात वाचलं. अभिनंदन! सोमवारी शपथ ना? वकिलीतला तो काळा कोट घालून जाऊ नकोस बाबा, कोपरावर चकाकतो. ज्या राष्ट्राध्यक्षांना तू तेरा वर्षं दर रविवारी रेडिओवरून सोलून काढलंस, त्यांच्याशी हात मिळवताना तुझं तोंड कसं होतं, ते सगळा देश बघणार आहे.

हे अभिनंदनाचं पत्र मी मंगळवारी लिहायला घेतलं. आज गुरुवार. चार कागद फाडून झाले. तू म्हणशील, मास्तर, पाल्हाळ पुरे, मुद्द्यावर या. येतो रे, येतो.

तेरा वर्षं. रविवारी दहा ते अकरा. तू त्यांच्या विरोधात, मी त्यांच्या बाजूनं. आपली नावं लोकांना कुठे ठाऊक होती? भाजीवाली वजन करता करता म्हणायची, "मास्तर, या खेपेला वकिलांनी तुम्हाला पार धुतलं की हो!" मी म्हणायचो, पुढच्या रविवारी बघा. आणि अकरा वाजले की समोरच्या हॉटेलात तू नि मी तोच वाद पुन्हा पहिल्यापासून. मालक पंखे बंद करायचा तेव्हा कुठे उठायचो. तू घरी वहिनींकडे जायचास. मी हिच्याकडे जायचो. ती गेल्यावर नुसता घरी जायचो.

आता जे लिहितोय ते तुला ठाऊक नाही.

माझी एक जुनी विद्यार्थिनी सांख्यिकी कार्यालयात होती, जाड चष्म्याची, तुला एकदा भेटवली होती. तीन वर्षांपूर्वी एका बुधवारी ती माझ्याकडे आली. पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. बेकारीचे दोन तक्ते तिनं टेबलावर ठेवले. एक मोजलेला, एक छापलेला. छापलेल्यावर सही करायला ती नाही म्हणाली, म्हणून तिला घरी बसवलं होतं. "सर," ती म्हणाली, "आकडा वाकवायचा नाही, असं तुम्हीच वर्गात सांगायचात."

मी पेन्सिल घेऊन रकाने तपासले. दोनदा. तिचं बरोबर होतं. ज्या माणसासाठी मी दहा वर्षं घसा कोरडा केला, त्याच्यावरचा माझा विश्वास त्या दुपारी चार वाजता संपला. चहा तसाच निवून गेला. मी तिला शब्द दिला, रविवारी बोलतो.

तो रविवार तुला आठवत असेल. तुझ्याही कानावर बातमी आली होती आणि तू तुटून पडलास. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं: वकील, तुझं बरोबर आहे. चार शब्द. तुझं बोलून झालं, तू माझ्याकडे बघितलंस, आणि माझ्या मनात आलं, मी हो म्हटलं की भांडण संपलं. भांडण संपलं की कार्यक्रम संपला. दोन म्हातारे एकमेकांच्या होला हो करताना कोण ऐकणार? आणि कार्यक्रम संपला की रविवार गेला.

ही जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. तुला मी म्हणायचो, पुस्तकं आहेत, वेळ छान जातो. थापा! आठवड्यात सहा दिवस मी कुणाशी बोलत नव्हतो. शनिवारी पेपर मोठ्यानं वाचून बघायचो, आवाज फुटतोय का ते. तुझ्याशी भांडायला मिळावं म्हणून जगत होतो म्हटलं तरी चालेल. हसू नकोस.

तर मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "रुसलेल्या कारकुनांच्या कागदांवर देश चालत नसतात."

तू हातातला कागद खाली ठेवलास. मग हसलास सुद्धा. वाक्य जमलं होतं रे. खरं बोलताना मी अडखळतो, हे तू जाणतोस. त्या दिवशी एकदाही अडखळलो नाही.

पुढची तीन वर्षं मी कधी नव्हे इतका चांगला बोललो. का, ते सांगतो. आतून मी तुझ्याच मताचा झालो होतो. त्यामुळे तू काय म्हणणार, कुठे जोर देणार, सगळं मला आधी ठाऊक. घरी बसून मी माझ्याच मनाला उत्तरं शोधायचो आणि रविवारी ती तुझ्या तोंडावर मारायचो. तुला वाटायचं, मास्तरांचा विचार पक्का होत चाललाय. वकील, मला त्यातलं एक अक्षरही पटत नव्हतं.

आणि जानेवारीत तू कागद बाजूला सारलेस आणि म्हणालास, "श्रोतेहो, मास्तरांचं म्हणणं मला पटलंय." काचेपलीकडच्या रेकॉर्डिंगवाल्या बाईंनी तोंडावर हात ठेवला. मला आधी वाटलं, तू थट्टा करतोयस. मग तू उठून माझा हात हातात घेतलास. दुसऱ्या दिवशी तुझी चिठ्ठी आली: "पटवून दिल्याबद्दल आभार." ती वाचून मी न्हाणीघरात जाऊन तोंड धुतलं, एवढंच सुचलं.

तुझ्या जुन्या मंडळींनी तुला गद्दार ठरवलं. तुझ्या मुलीनं फोन उचलणं सोडलं. तू माझ्यासमोर बसून रडलास, आणि मी काय म्हणालो? "होईल सगळं नीट." त्या वेळी तरी बोलायला हवं होतं. कार्यक्रम तर बंद पडलाच. वाद घालायला कुणी उरलंच नाही. आता त्या वेळात बागकामाची माहिती देतात. मला बाग नाही. तरी लावून बसतो.

मंगळवारी टीव्हीवर तुला कुणीतरी त्या आकड्यांबद्दल विचारलं, आणि तू माझं वाक्य म्हणालास. रुसलेले कारकून. जसंच्या तसं, माझ्यासारखाच मध्ये थांबून.

दहा मिनिटांत त्या विद्यार्थिनीचा फोन आला. तीन वर्षांनी. ती आता एका शाळेत बदली शिक्षिका आहे.

"सर, ते वाक्य तुमचं ना?"

"हो."

"तुमचं खरंच तसं मत होतं?"

"नाही," मी म्हणालो. "कधीच नव्हतं."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "माझं जाऊ द्या. वकिलांना तरी सांगा. ते तुमच्या भरवशावर बोलताहेत."

तर सांगतोय. तू वादात हरला नाहीस. तुझं बरोबर होतं, आणि ते पक्कं ठाऊक असलेला माणूस तुझ्यासमोर हातभर अंतरावर बसून दर रविवारी तुला खोटं पाडत होता. तुला आणखी कुठल्या कारणानं ते राष्ट्राध्यक्ष पटले असतील तर खुशाल शपथ घे, माणसाचं मत बदलतं, माझंही बदललं. पण माझ्या शब्दावर घेत असशील तर घेऊ नकोस. त्या शब्दाखाली काही नाही.

या रविवारी मला रेडिओवर दहा मिनिटं दिली आहेत. त्यांना वाटतंय, मास्तर निरोपाचं गोडधोड बोलतील. मी हे सगळं सांगणार आहे, तिला विचारून, तिची परवानगी घेऊन. तुला ते रेडिओवरून कळू नये, म्हणून हे पत्र उद्या स्वतः तुमच्या पेटीत टाकून येईन. बेल वाजवणार नाही. पत्र मुलीला दाखव. तिला म्हणावं, बाप विकला गेला नव्हता, फसवला गेला होता. फसवणाऱ्याची सही खाली आहे.

तू माझं तोंड बघणार नाहीस, हे मला कळतं. तीन वर्षांपूर्वी याच एका भीतीनं मी गप्प बसलो. भीती आजही तेवढीच आहे. तरी बोलणार आहे, आणि एवढं धाडस यायला तिची नोकरी, तुझी मुलगी आणि तुझं नाव खर्ची पडलं.

तुझ्याशी खोटं बोललेला,
आणि तुझ्याशिवाय कुणाशीच न बोललेला,

मास्तर