रशीदभाईंना न सांगितलेलं

मंगळवार, १२ मार्च १९७४

रशीदभाई केदारखेड्याहून मुलीच्या स्थळाची चौकशी करायला आले. "मौलानासाब, पोरगा कसा हाय? तुम्ही म्हणाल ते बराबर."

"घराणं चांगलं आहे," एवढंच म्हणालो. पोरगा पितो, हे ठाऊक असून.

दुसऱ्याचा ऐब, दोष झाकावा, हे मी भर सभेत गर्जून सांगत आलो. पण लग्नासाठी कुणी सल्ला विचारला तर झाकणं हा विश्वासघात, हेही वाचलंय. मग गप्प का बसलो? दीनाची, धर्माची शिकवण म्हणून, की पोराचा बाप माझा दोस्त म्हणून? घराणं चांगलं, म्हणे.

रशीदभाई खुशीत गेले. "मंग जुम्म्याला मंगनी उरकून टाकतो."

उद्या सकाळच्या एस.टी.ने केदारखेड्याला जातो. दोस्ती गेली तर जाऊ दे. त्यांच्यासमोर जीभ अडखळू नये, एवढंच.