पोपटी दुखवटा

किन्हीराजा, मंगळवार

निजामुद्दीनभाऊंना संगीताचा रामराम, मेहरबीभाभींना सलाम. आम्ही इकडे धडधाकट आहोत. तुमची तब्येत विचारायला तीनदा फोन केला, तुम्ही उचलला नाही. म्हणून एसटीच्या कंडक्टरहाती हा कागद. (कागद कट करता येत नाही.)

वीस वर्षं दर गुरुवारी तुम्ही मालेगावचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान बंद करून यांच्यासोबत जेवायला यायचे, माझ्या भाकरीला नावं ठेवायचे आणि चौथी मागायचे. यांच्या तेरवीपासून सहा गुरुवार कोरडे गेले. कारण मला ठाऊक आहे. तेरवीला विधवेला माहेरच्या भावाची साडी येते. मला भाऊ नाही, म्हणून तो दुखवटा तुम्ही आणला. तोही पोपटी, जरीचा! (तांब्याच्या तारेतला केसाएवढा फरक ओळखता, आणि साडीच्या दुकानात कशासाठी हवी ते सांगता आलं नाही?) त्यावर चुलतदीर मदनसिंग भर पंगतीत ओरडले, "हा हिचा कोन लागते?" तुम्ही साडी ओट्यावर ठेवली आणि न जेवता निघून गेलात.

मी तेव्हा गप्प बसले, हे चुकलं. भरपाई गेल्या आठवड्यात सोमवारी केली. तीच साडी नेसून मदनसिंगांच्या मुलीच्या साखरपुड्यात पहिल्या रांगेत बसले. जाऊबाई फणकारल्या, "काहून नेसली व हे?" मी म्हटलं, "भावानं आणली, मी नेसली. तुमाले काय करा लागते?" दुसऱ्या दिवशी साडी धुवायला काढली, तर तिनं सामाईक हौदात असा रंग सोडला की मदनसिंगांचे व्याह्यांकडे घालून जायचे दोन्ही पांढरे कुरते पोपटी झाले. ते तसलाच कुरता घालून गेले. आता दुखवटा सगळ्या भावकीला पोचला.

भाऊ, यांची आठवण आली की मला रडण्यापेक्षा भांडावंसं वाटतं. आणि या घरात माझ्याशी बरोबरीनं भांडणारे तुम्हीच उरला आहात.

तुमची बहीण (शाईनं लिहिलंय, खोडता येणार नाही),
संगीता

ता. क. कुरते चुकून भिजले असं मी गावात सांगते. खरं म्हणजे मीच ते दोरीवरून काढून हौदात टाकले.

आणखी एक ता. क. परवा गुरुवार आहे. भाभींनाही आणा. मदनसिंगांना उत्तर द्यायला मी समर्थ आहे, तुम्ही फक्त या. हे गेले आणि माझ्या घरातली दोन माणसं कमी झाली. यांना परत आणणारी गाडी कुठूनच सुटत नाही. मालेगावहून सकाळी दहाची एसटी आहे.